पैलवान ‘तयारीत’ आहे म्हणजे नेमकं काय? हंगामाआधीची तालीम अशी पाहा

आषाढ लागला की कुपवाड, मिरज, सांगलीकडच्या मोबाईलवर एका ठरावीक छापाचे रील फिरायला लागतात. तांबड्या मातीनं माखलेला पैलवान, मागं हलगीचा ठेका आणि वर लिहिलेलं, ‘पैलवान फुल तयारीत’. खाली कमेंटचा पाऊस. ‘यंदा मैदान मारणार’, ‘ह्याला जोडच नाही’, ‘गदा पक्की’.

मग पाऊस सरतो, दिवाळी होते, मैदानं भरायला लागतात. त्यातलाच एखादा पठ्ठ्या तिसऱ्या मिनिटाला कमरेवर हात ठेवून उभा राहतो. कमेंट करणारे तेच असतात, फक्त शब्द बदलतो. ‘संपला.’

दोन्ही वेळा बघणाऱ्यांचीच चूक झालेली असते. पैलवान जुलैत तयार नव्हता आणि नोव्हेंबरात संपलेलाही नव्हता. त्याची तयारी कुठवर आली होती, हे कुणी नीट पाहिलंच नव्हतं.

तालमीत जाऊन पैलवानाची मेहनत बघणं हा आपल्या भागातल्या कुस्तीशौकिनांचा जुना छंद आहे. जुनी माणसं पाच मिनिटं हौद्याच्या कडेला उभी राहून सांगायची, ‘पोरगं अजून महिनाभर मागं आहे.’ ते काय बघायचे? आपण काय बघायचं? आणि कशाला फसायचं नाही? सगळं सविस्तर सांगतो.

हंगाम कधी आणि तयारी कधी?

पश्चिम महाराष्ट्रात कुस्तीचा मोठा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि चैत्र-वैशाखातल्या गावजत्रांपर्यंत चालतो. काही गावांत नागपंचमीला कुस्त्या होतात, पण उघड्यावरचं मोठं मैदान भर पावसात घेता येत नाही. माती चिखल होते, माणसांना बसायला जागा राहत नाही. म्हणून ज्येष्ठ ते भाद्रपद हे महिने मेहनतीचे. शेतकऱ्याची पेरणी आणि पैलवानाची मेहनत एकाच सुमाराला चालते, असं म्हणायला हरकत नाही.

बाकी खेळांत ह्याला प्री-सीझन म्हणतात. ऑस्ट्रेलियात त्यांच्या फुटबॉलचा हंगाम मार्चमध्ये सुरू होतो आणि खेळाडू नोव्हेंबर-डिसेंबरपासूनच सरावाला उतरतात. तिथले चाहते कुंपणापाशी उभे राहून बघतात, कोण पुढं पळतोय, कोण लंगडतोय, नवीन पोरगं कसं आहे. सामना नाही, गुण नाहीत, तरी माणसं जातात. आपल्याकडचा शौकीन तालमीच्या दारात उभा राहतो, तो ह्याच कारणानं.

फरक एवढाच की तिथं क्लबचा संघ असतो आणि आपल्याकडं तालीम असते. कुस्ती एकट्याची असली तरी तयारी एकट्याची नसते. लढतीला जोडीदार लागतात, चुका दाखवायला वस्ताद लागतो, मालिश करायला दोस्त लागतात. मैदानात निवेदक नाव पुकारतो तेव्हाही ‘अमुक तालमीचा, तमुक वस्तादांचा पठ्ठा’ असंच पुकारतो. त्यामुळं तयारी बघायची तर एकट्या पैलवानाची बघून भागत नाही, सगळी तालीम बघावी लागते.

तालमीतला दिवस कसा असतो?

प्रत्येक वस्तादाची पद्धत वेगळी, पण सांगाडा साधारण सारखा. पहाटे चार-साडेचारला उठायचं. धावायचं. मग हौदा उकरायचा. हौदा म्हणजे तालमीतली मातीची चौकोनी जागा. पावसाळ्यात ही तांबडी माती दमट होऊन बसते, म्हणून फावड्यानं खालीवर करावी लागते. तिच्यात तेल, ताक, लिंबू, हळद, कापूर घालतात. माती मऊ राहते, अंगाला कमी खरचटतं. उकरणं हे कामही आहे आणि खांद्या-कमरेचा व्यायामही.

मग जोर, बैठका, सपाट्या. त्यानंतर लढती. ह्यात लहान पोरं आधी, मोठे पैलवान नंतर किंवा वस्ताद सांगेल तसं. लढत झाली की माती अंगावर वाळू द्यायची, आंघोळ, थंडाई, जेवण, झोप. थंडाईत बदाम, खसखस, वेलदोडे, मिरी वाटून दुधात घालतात. दुपारी मालिश. चारनंतर पुन्हा मेहनत. दोरावर चढणं, मानेचे व्यायाम, वजनं, आणि आता बऱ्याच ठिकाणी गादीवरचा सराव.

बघायला जाणाऱ्यानं एक लक्षात ठेवावं. पावसाळ्याच्या सुरुवातीला जोर-बैठका आणि धावणं जास्त, लढती कमी असतात. हंगाम जवळ येईल तसं उलटं होत जातं. म्हणजे जूनमध्ये लढतीत ढिला दिसणारा पैलवान आळशी नसतो. तो पायाभरणीत असतो, दिवसभर अंग मोडून आलेला असतो. आणि जूनमध्येच एकदम चमकणारा पैलवान दिवाळीपर्यंत तसाच टिकेल ह्याची खात्री नसते.

आधी हे विचारा: माती की गादी?

‘तयारी कशी आहे?’ हा प्रश्न अर्धवट आहे. ‘कशासाठी?’ हे आधी विचारायला हवं.

जत्रेतली निकाली कुस्ती मातीवर होते. समोरच्याची पाठ जमिनीला लावायची, चितपट करायचं, तेव्हाच निकाल. बऱ्याच मैदानांत ठरलेली मिनिटं संपली की गुणांवर निकाल काढतात, तरी खेळ लांबतो. खडाखडी चालते, एकमेकांचा अंदाज घेतला जातो. इथं सोसायची ताकद लागते.

गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांची, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. प्रत्येक पकडीला गुण. फ्रीस्टाईलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच थांबते. बचाव करत बसलं तर पंच ताकीद देतो. इथं पहिल्या सेकंदापासून वेग लागतो.

महाराष्ट्र केसरी स्पर्धेत तर माती आणि गादी असे दोन विभागच असतात. दोन्हीकडचे विजेते शेवटी गदेसाठी भिडतात. म्हणजे तिथं उतरणाऱ्याला दोन्हीकडचं थोडंफार यायलाच हवं.

हा फरक केवढा मोठा आहे, ते सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी अनुभवलं. मातीत वाढलेले खाशाबा १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा गादी आणि तिथले नियम त्यांना नवे होते. अमेरिकेचे रीस गार्डनर ह्यांनी त्यांना तिथं शिकवलं. खाशाबा सहावे आले. पुढची चार वर्षं त्यांनी जी मेहनत घेतली ती त्या खेळासाठीची होती. १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं ते वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक.

सांगली जिल्ह्यातले दोन पैलवानही आठवायला हवेत. कवठेपिरानचे मारुती माने आणि शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर. दोघंही हिंदकेसरी आणि दोघांनीही १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रत्येकी एक सुवर्ण, एक रौप्य आणलं. मान्यांचं सुवर्ण फ्रीस्टाईलमधलं, आंदळकरांचं ग्रीको-रोमनमधलं. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड करता येत नाही, पाय वापरता येत नाहीत. मातीतला पैलवान एवढी वेगळी शैली शिकला, ती तालमीतच.

काय बघायचं?

तालमीच्या कडेला उभं राहून, कसलंही यंत्र न लावता, पाच गोष्टी बघता येतात.

१. दम. लढत सुटल्यावर पहिल्या मिनिटात छातीचा भाता किती लवकर शांत होतो ते बघा. ज्याचा दम तयार आहे, त्याच्या हृदयाचे ठोके थांबल्या थांबल्या भराभर उतरतात. तोंड उघडं, हात गुडघ्यावर, नजर खाली, हे सगळं दोन-तीन मिनिटं तसंच राहिलं तर अजून वेळ आहे. आणि पहिल्या लढतीत नाही, तिसऱ्या-चौथ्या जोडीदाराबरोबरच्या लढतीत बघा. ताजेपणी सगळेच सिंह असतात.

२. खाली गेल्यावर काय करतो. वर असताना सगळेच छान दिसतात. पट निघाला, पैलवान खाली गेला, पुढं काय? लगेच हालतो, सुटका शोधतो, की पोटावर पडून वस्तादाच्या शिट्टीची वाट बघतो? बचावाची सवय थकलेल्या अंगात मुरायला महिने लागतात.

३. मान आणि पकड. मनगट धरल्यावर समोरच्याला ते सोडवायला किती वेळ लागतो? मानेवर हात पडला की डोकं खाली जातं का? मान खचली की सगळं अंग खचतं. मानेची ताकद फोटोत दिसत नाही, लढतीत दिसते.

४. नवीन काय शिकतोय. गेल्या वर्षी सगळ्या कुस्त्या ढाकेवर मारलेल्या पैलवानाची ढाक यंदा सगळ्यांना माहीत असते. तो यंदा एकलंगी, बगलडूब, घिस्सा असं दुसरं काही बसवतोय का? नवा डाव बसवताना तो दहादा फसतो, कधी लहान पोराकडूनही खाली जातो. जो शौकीन हे बघून ‘घसरला’ म्हणतो, त्यानं काहीच बघितलेलं नाही. तालमीत फसायला तयार असलेला पैलवान सहसा मैदानात कमी फसतो.

५. जोडीदार कोण आहेत. त्याच्याएवढे किंवा त्याच्याहून सरस दोन-तीन जण तालमीत आहेत का? रोज हलक्या पोरांना उचलून टाकणाऱ्याची तयारी कळत नाही. त्यालाही कळत नाही.

कशाला फसायचं नाही?

पहिली गोष्ट दंडाची. फुगलेले दंड आणि छाती रीलमध्ये छान दिसते. पण स्नायू लवकर वाढतात आणि त्यांना हाडाशी बांधणारे कंडरे सावकाश मजबूत होतात. दोन महिन्यांत एकदम भरलेल्या अंगाचा भार सांध्यांना पेलेलच असं नाही. शिवाय अंग फार झपाट्यानं बदललं तर ते कशानं बदललं हा प्रश्न विचारावा. स्टेरॉईड किंवा बंदी असलेली इंजेक्शनं घेणाऱ्यावर उत्तेजक चाचणीत सापडल्यास वर्षानुवर्षांची बंदी येते. त्याहून वाईट म्हणजे हृदय आणि मूत्रपिंडाचं नुकसान. ते चाचणी नसलेल्या जत्रेतही होतंच.

दुसरी गोष्ट आकड्यांची. ‘रोज हजार जोर, दोन हजार बैठका’ असं लिहिलेलं सगळ्यांना आवडतं. मोजणीला अर्थ आहे, पण अर्धा. अर्धवट बैठका दोन हजार काढण्यापेक्षा पूर्ण खाली जाऊन काढलेल्या पाचशे बऱ्या. आणि एवढं केल्यावर तो झोपतो किती, हे कुणीच लिहीत नाही. अंग मेहनतीनं मोडतं आणि झोपेत, खुराकात भरून येतं. सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा जलद चालत असेल, झोप लागत नसेल, चिडचिड होत असेल, तर वस्ताद मेहनत कमी करायला सांगतो. ह्याला आळस म्हणत नाहीत.

तिसरी गोष्ट कापलेल्या व्हिडिओची. अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये एक डाव दिसतो. त्याआधीचे न लागलेले सात डाव दिसत नाहीत. समोरचा जोडीदार किती किलोचा, कितव्या लढतीला उभा होता, की नुसता डाव दाखवायला अंग सैल सोडून उभा होता, हेही दिसत नाही. वस्ताद समजावून सांगताना जोडीदार मुद्दाम पडतो. ते शिकवणं असतं.

वजनाचं गणित

स्पर्धेचा पैलवान असेल तर तयारीतला सगळ्यात नाजूक भाग वजनाचा. पॅरिस ऑलिंपिक २०२४ मध्ये हे सगळ्या देशानं बघितलं. विनेश फोगट ५० किलो गटात एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत पोहोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरल्यामुळं अपात्र ठरली. त्याच स्पर्धेत अमन सहरावतचं वजन उपांत्य फेरीनंतर साडेचार किलोहून जास्त वाढलेलं होतं. रात्रभर घाम गाळून दहा तासांत ते उतरवलं आणि ५७ किलो गटात त्यानं कांस्य घेतलं.

दोन्ही गोष्टींतून शौकिनांनी घ्यायचा धडा एकच. शेवटच्या रात्री वजन उतरवणं हा पराक्रम नाही, नाइलाज आहे. पाणी तोडून, घाम काढून वजन उतरवलं की रक्तातलं पाणी कमी होतं, हृदयावर ताण येतो, अंग तापतं. अमेरिकेत १९९७ साली काही आठवड्यांत तीन कॉलेज पैलवान असं वजन उतरवताना मेले. त्यानंतर तिथले नियम बदलले.

म्हणून हंगामाआधी विचारायचा प्रश्न ‘वजन किती वाढवलं?’ हा नाही. ‘कुठल्या गटात खेळणार आणि आत्ता त्याच्या किती वर आहे?’ हा आहे. दोन-तीन किलो असेल तर सावकाश उतरेल. सात-आठ किलो असेल आणि स्पर्धा महिन्यावर असेल, तर काळजीची गोष्ट आहे. गावच्या जत्रेत गट नसतात, तिथं वजन फायद्याचंच वाटतं. त्यामुळं जत्रा आणि स्पर्धा दोन्हीकडं खेळणाऱ्या पोराची ओढाताण होते. पैसा जत्रेत, नोकरीची आणि नावाची वाट स्पर्धेत.

दुखापत लपते कशी आणि का?

सांगलीकरांना दुखापतीची किंमत वेगळी सांगायला नको. आपला वेटलिफ्टर संकेत सरगर २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात सुवर्णाच्या वाटेवर होता. क्लीन अँड जर्क प्रकारात वजन उचलताना कोपर दुखावलं. त्याचे २४८ किलो झाले, मलेशियाच्या खेळाडूचे २४९. एका किलोनं सुवर्ण गेलं, रौप्य आलं. अख्ख्या जगासमोर झालं म्हणून सगळ्यांना कळलं.

तालमीतली दुखापत मात्र कुणाला कळत नाही, कारण ती लपवली जाते. कान मोडणं हे तर पैलवान मिरवतो, त्याचं काही नाही. गुडघा, खांदा, मान, कंबर ह्या चार जागा महत्त्वाच्या. गुडघ्यातली मुख्य दोरी तुटली आणि ऑपरेशन झालं, तर पुन्हा लढायला साधारण नऊ महिने तरी लागतात. म्हणजे सगळा हंगाम गेला.

हंगाम गेला म्हणजे काय गेलं, हे समजून घ्या. बहुतेक पोरं शेतकऱ्यांची, शेतमजुरांची, कुपवाडच्या एमआयडीसीत पाळी करणाऱ्यांची. बदाम, तूप, दूध, अंडी, मटण ह्यांचा खर्च घर उसनंपासनं करून भागवतं. तो खर्च जत्रेच्या इनामातून थोडाफार निघतो. त्यामुळं सुजलेला गुडघा पट्टीखाली झाकून पोरगं उतरतं.

आणि इथं आपण येतो. आपल्या कमेंटी येतात.

गावची जत्रा कमिटी कुस्त्या जोडते, म्हणजे कोण कुणाशी लढणार ते ठरवते. जोड ठरवताना कमिटीवाले वस्तादांना विचारतात, पण गावात आणि मोबाईलवर कुणाची हवा आहे हेही बघतात. ‘फुल तयारीत’ म्हणून फिरलेल्या व्हिडिओवर मोठी जोड लागते. मोठ्या अक्षरांत पोस्टर छापलं जातं. नंतर पैलवान ‘जमणार नाही’ म्हणाला तर लगेच ‘भ्याला’ म्हणतात, ‘पळाला’ म्हणतात. बरोबरी झाली तर ‘नुरा’ म्हणतात, म्हणजे आधीच ठरवून लढले. वीस वर्षांचं पोरगं हे वाचतं आणि मोडक्या गुडघ्यावर लंगोट कसतं.

लंगडताना दिसलेल्या पैलवानाचा व्हिडिओ टाकणं हाही दुसऱ्या टोकाचा तोच गुन्हा. समोरच्या तालमीला कुठल्या पायावर जायचं ते कळतं. जुने शौकीन तालमीत दिसलेली दुखापत बाहेर बोलत नसत. बाकी सगळ्यावर तासभर पारावर बोलतील, पण त्यावर नाही.

मुलींची तयारी

सांगलीत मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. अंतिम कुस्तीत सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून पहिली मानाची गदा घेतली. त्यानंतर आपल्या भागातले आईबाप मुलीला घेऊन वस्तादाकडं जायला लागले आहेत, हे कुणीही सांगेल.

मुलींची कुस्ती आंतरराष्ट्रीय पातळीवर फ्रीस्टाईल आणि गादीवरची. त्यामुळं वेग, पट काढणं, खाली गेल्यावरचा बचाव ह्याकडं बघायचं. अडचण जोडीदारांची असते. एका तालमीत एकाच वजनाच्या दोन मुली मिळणं कठीण, म्हणून त्या मुलांबरोबर किंवा वेगळ्या वजनाच्या मुलींबरोबर सराव करतात. म्हणजे सरावातल्या हारजितीवरून काहीच ठरवता येत नाही. आणि मुलींच्या सरावाचं चित्रीकरण परवानगीशिवाय अजिबात करायचं नाही. ह्याला दुसरं काही म्हणणं नाही.

तालमीत जायचंच असेल तर

बहुतेक तालमी बघायला येणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. काही साध्या रीती पाळल्या की झालं.

चपला बाहेर. आत मारुतीची मूर्ती किंवा तसबीर असते, नमस्कार करायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण आवाज खाली. हौद्यात पाय टाकायचा नाही, कडेनं फिरायचं. गादीवर तर चपलेनं कधीच नाही. तंबाखू, गुटखा, सिगारेट खिशातसुद्धा नको.

आधी वस्तादांना भेटायचं. ‘वस्ताद, बघत बसू का?’ एवढं विचारलं की पुरे. फोटो काढायचा तर वेगळं विचारायचं. लढत चालू असताना बाहेरून डाव सांगायचा नाही. तालमीत एकच माणूस बोलतो आणि तो आपण नसतो.

एकदा जाऊन काही कळत नाही. जूनमध्ये एकदा, श्रावणात एकदा, नवरात्राच्या सुमाराला एकदा असं जा. त्याच पैलवानाचा तिसऱ्या लढतीनंतरचा दम तिन्ही वेळा बघा. फरक तुम्हाला स्वतःला दिसेल. मग मैदानात बसाल तेव्हा कुस्ती वेगळीच दिसते. कुंडलच्या मैदानात डोंगराच्या उतारावर बसलेली जुनी माणसं कुस्ती लागायच्या आधीच हळूच म्हणतात, ‘हे लांबलं तर खालचं पोरगं घेईल.’ ते भविष्य सांगत नसतात. त्यांनी पावसाळ्यात दम बघितलेला असतो.

थोडे शब्द, थोडे अर्थ

कुस्तीशौकीन: कुस्तीचा चाहता.
वस्ताद: तालमीचा गुरू. पठ्ठा: त्याचा शिष्य.
हौदा: तालमीतली मातीची जागा. फड किंवा मैदान: जिथं लोकांसमोर कुस्त्या होतात.
जोर, बैठका, सपाट्या: तालमीतले मूळ व्यायाम.
खडाखडी: उभ्यानं हाताला हात भिडवून घेतलेला अंदाज.
पट काढणे: समोरच्याचा पाय धरून खाली आणणे.
जोड: तोलामोलाचा प्रतिस्पर्धी.
निकाली कुस्ती: चितपट होईपर्यंतची कुस्ती.
नुरा: ठरवून केलेली खोटी कुस्ती.
खुराक: पैलवानाचा रोजचा आहार.

शौकिनानं काय द्यायचं?

खाशाबा जाधवांची गोष्ट वर अर्धी सांगितली. उरलेली अर्धी तयारीच्याच काळातली आहे. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबा पदक घेऊन परतले, तेव्हा कराडहून गावापर्यंत शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

मिरवणूक सगळ्यांना आठवते. पण वर्गणी पदकाच्या आधीची होती. त्या माणसांनी खाशाबांची तयारी बघितली, त्यात काय कमी पडतंय ते ओळखलं आणि तेवढं भरून काढलं. आज कुणी घर गहाण ठेवा म्हणत नाही. गावातल्या एखाद्या पोराचा महिन्याचा दुधाचा रतीब लावा. गुडघा दुखतोय म्हणाला तर त्याला हाडांच्या डॉक्टरकडं गाडीवर घेऊन जा. जोडीला ‘नाही’ म्हणाला तर कमेंटीत त्याच्या बाजूनं एक ओळ लिहा.

आणि पुढच्या वेळी ‘फुल तयारीत’ असा रील समोर आला, तर गदा पक्की करायच्या आधी एकच प्रश्न विचारा. ही कितवी लढत आहे?